पामीर महामार्ग आणि सायकलींची जोडी

मध्य आशियात ताजिकिस्तानची राजधानी दुशान्बे आणि किर्गिझस्तानमधील ओश ही जुनी बाजारपेठ यांना जोडणारा सुमारे बाराशे किलोमीटरचा जो डोंगरी रस्ता सरकारदप्तरी ‘एम-४१’ या क्रमांकाने नोंदलेला आहे, त्याला पामीर महामार्ग म्हणतात. ‘महामार्ग’ या शब्दाने डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते त्याचा प्रत्यक्षाशी फारसा संबंध नाही. रस्त्याचा बराच भाग तीन हजार मीटरांहून उंच आहे, डांबर अनेक ठिकाणी उखडून गेलेले आहे, काही टप्प्यांत शंभर-सव्वाशे किलोमीटर धड गाव लागत नाही, आणि जून ते सप्टेंबर हे चार महिने सोडले तर सायकलने तेथे जाण्यात शहाणपणा नाही. असे असूनही लांब पल्ल्याचा सायकलप्रवास करणाऱ्यांत या रस्त्याला मोठी प्रतिष्ठा आहे, आणि उन्हाळ्यात निरनिराळ्या देशांचे सायकलस्वार, पुष्कळदा दोघे मित्र किंवा दोघी मैत्रिणी अशा जोडीने, सामानाने लादलेल्या सायकली घेऊन तेथे येत असतात. जोडीने का, असे विचारले तर सोबत हवी, बोलायला कोणीतरी हवे, असे उत्तर मिळते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. या रस्त्याचा भूगोल आणि त्या भूगोलात माणसाच्या शरीराचे काय होते हे नीट पाहिले, म्हणजे दुसऱ्या माणसाची खरी गरज कोठे पडते ते लक्षात येते.

भारतीय भूखंड युरेशियाला जेथे रेटतो त्या टकरीच्या पट्ट्यात हिंदुकुश, काराकोरम, कुनलुन आणि तिएनशान या पर्वतरांगा एकमेकींत गुंतल्यासारख्या जवळ येतात, आणि त्या गुंत्याच्या मध्यावर पामीर आहे. त्याचे दोन भाग स्पष्ट वेगळे पडतात. पश्चिम पामीरमध्ये नद्यांनी डोंगर खोलवर कापले आहेत, दऱ्या अरुंद आहेत, आणि जेथे ओढ्याचे पाणी पाटाने आणता येते तेवढ्याच जागी जर्दाळूची झाडे, बटाट्याची व गव्हाची शेते आणि गावे आहेत. पूर्व पामीरमध्ये हिमनद्यांनी घासून रुंद केलेली सपाट तळाची उंच खोरी आहेत; तेथे झाड नाही, शेती नाही, वर्षाला शंभर मिलिमीटरही पाऊस पडत नाही, आणि समुद्रसपाटीपासून सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील मुर्गाब हे तालुक्याचे गाव तेथील सर्वांत मोठी वस्ती आहे. ताजिकिस्तानच्या एकूण भूमीचा जवळजवळ ४५ टक्के भाग व्यापणाऱ्या या गोर्नो-बदख्शान स्वायत्त प्रांतात देशाची जेमतेम दोन-तीन टक्के माणसे राहतात.

वाट मात्र फार जुनी आहे. पुलकेशी दुसऱ्याच्या महाराष्ट्राचे वर्णन करून ठेवणारा चिनी यात्रेकरू ह्यूएन त्संग सातव्या शतकात मायदेशी परतला तो बदख्शान आणि वाखानमार्गे पामीर ओलांडूनच. तेराव्या शतकात मार्को पोलोही याच प्रदेशातून चीनकडे गेला. परंतु आज ज्यावरून चाके धावतात तो रस्ता व्यापाऱ्यांनी किंवा यात्रेकरूंनी पाडलेला नाही. १८९१ च्या उन्हाळ्यात रशियन कर्नल योनोव्हने फ्रान्सिस यंगहजबंड या ब्रिटिश अधिकाऱ्याला पामीरमधून निघून जायला भाग पाडले आणि दोन साम्राज्यांमध्ये युद्धाची भाषा सुरू झाली. १८९३ मध्ये रशियाने मुर्गाबच्या जागी आपले लष्करी ठाणे वसवले, आणि १८९५ मध्ये दोन्ही बाजूंच्या आयोगाने सीमा आखताना वाखानची चिंचोळी पट्टी अफगाणिस्तानच्या पदरात टाकली, ती एवढ्यासाठी की रशिया आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांची हद्द कोठेही एकमेकांना भिडू नये. पुढे सोव्हिएत राजवटीने १९३१ ते १९३४ या काळात ओश ते पश्चिम पामीरमधील खोरोग हा मोटाररस्ता बांधला, आणि नंतरच्या काही वर्षांत तो दुशान्बेपर्यंत पोहोचला.

सायकलस्वाराला या लष्करी इतिहासाचे देणे असे की रस्त्याचा चढ मालमोटारींच्या बेताचा ठेवलेला आहे. सैन्याची रसद वाहणारी अवजड गाडी जेथे चढली पाहिजे तेथे डोंगराला थेट भिडता येत नाही, त्याला लांबून वळसे घालावे लागतात. आणि मालमोटारीला जो चढ झेपतो तो खालच्या गिअरमधील सायकललाही बहुधा झेपतो. अक-बैताल या ४,६५५ मीटर उंचीच्या, संपूर्ण मार्गावरील सर्वोच्च खिंडीखालचे शेवटचे काही किलोमीटर याला अपवाद आहेत आणि तेथे बहुतेकांना सायकल ढकलावी लागते, यात लाजण्यासारखे काही नाही.

झेपणे म्हणजे काय, याचा हिशेब सोपा आहे. सायकलस्वाराचे वजन ७० किलो, सायकलीचे १५ आणि सामान, अन्न व पाणी मिळून २५ असे धरले तर एकूण ११० किलो वजन वर न्यायचे असते. दर शंभर मीटर अंतरामागे पाच मीटर चढ असलेल्या रस्त्यावर ताशी सहा किलोमीटर वेगाने जायचे तर हे ओझे तासाला तीनशे मीटर उचलले जाते, आणि त्यासाठी सुमारे ९० वॅट शक्ती लागते. खडीमातीच्या रस्त्याशी चाकांच्या घर्षणात आणखी तीसेक वॅट जातात. समुद्रसपाटीवर बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासन्‌तास दीडशे ते पावणेदोनशे वॅट देऊ शकतो. मात्र दीड हजार मीटरांच्या वर, दर शंभर मीटरांमागे शरीराची कमाल क्षमता ढोबळमानाने एक टक्क्याने घटते, म्हणजे अक-बैतालच्या माथ्याशी ती एकतृतीयांशाच्या आसपास घटलेली असते. मग शरीर जेवढी शक्ती देऊ शकते आणि चढ जेवढी मागतो, त्यांत काही शिल्लकच उरत नाही. म्हणून येथे येणाऱ्या सायकलींना पुढे लहान आणि मागे मोठी दातेरी चक्रे बसवतात. पुढे २२ आणि मागे ३६ दाते असले तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम सव्वा मीटर सरकते, आणि मिनिटाला साठ फेरे मारूनही वेग ताशी साडेचार-पाच किलोमीटरच भरतो. त्याहून हळू गेल्यास तोल सांभाळणे कठीण होते, आणि खाली उतरून चालणेच शहाणपणाचे ठरते.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण डोंगरावरही २१ टक्केच असते. उंचीबरोबर घटतो तो हवेचा दाब, आणि दाब घटला की प्रत्येक श्वासात आत जाणारा प्राणवायू त्या मानाने कमी होतो. अक-बैतालवर हा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ५७ टक्के असतो. पामीरमध्ये विस्तव नीट पेटत नाही आणि अन्न चांगले शिजत नाही, असे मार्को पोलोने नोंदवले आहे. त्याने त्याचे खापर थंडीवर फोडले, पण निरीक्षण अचूक होते. मुर्गाबला पाणी ८८ अंशांच्या आसपास उकळते, त्यामुळे डाळ तासभर रटरटत ठेवली तरी ती बोटचेपी होत नाही, आणि सायकलस्वार डाळतांदळाऐवजी शेवया, ओट, बकव्हीट असे लवकर मऊ पडणारे अन्न बरोबर ठेवतात.

शरीराला विरळ हवेशी जुळवून घ्यायला वेळ लागतो. डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असा की तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ३०० ते ५०० मीटरांपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर हजार मीटरांमागे एक दिवस विश्रांतीचा ठेवावा. दिवसा त्याहून उंच चढून आले तरी चालते, झोप खाली घ्यावी. या नियमाच्या दृष्टीने ओशहून निघणे अवघड पडते, कारण सुमारे हजार मीटर उंचीच्या ओशपासून १८५ किलोमीटरवरील सारी-ताशला पोहोचेपर्यंत ३,६१५ मीटरांची ताल्दिक खिंड लागते, आणि तेथून पुढे लगेचच ४,२८० मीटरांची किझिल-आर्त ही सरहद्दीवरची खिंड उभी राहते. दुशान्बेहून निघणाऱ्यांना मात्र पंज नदीच्या काठाने खोरोगपर्यंत अनेक दिवस मिळतात. तेथे उंची दोन हजार मीटरांहून थोडीच अधिक असते, पाय तयार झालेले असतात, आणि मग गुंट नदीच्या खोऱ्यातून हळूहळू वर चढत ४,२७२ मीटरांच्या कोइतेझेक खिंडीतून पूर्व पामीरच्या पठारावर जाता येते. ओशकडून येणाऱ्यांना शेवटी उतार अधिक मिळतो म्हणून ती दिशा सोपी, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. उतार शेवटी मिळाला काय आणि आधी मिळाला काय, फुप्फुसांना तो हिशेब कळत नाही.

उंचीच्या आजाराची सौम्य लक्षणे म्हणजे डोके दुखणे, अन्नावरची वासना जाणे, मळमळ आणि तुटक झोप. ती दोन दिवसांत बहुधा निवळतात. आजार वाढला तर तो दोन गंभीर रूपे घेतो: एकात फुप्फुसांत पाणी साठते आणि बसल्या जागीही धाप लागते, दुसऱ्यात मेंदूला सूज येते. या दुसऱ्या रूपात माणूस सरळ रेषेत चालू शकत नाही, चिडचिड करतो, असंबद्ध बोलतो, आणि आपल्याला काही झालेले नाही असे छातीठोकपणे सांगतो. म्हणजे ज्या अवयवाने धोका ओळखायचा तोच अवयव बिघडलेला असतो. अशा वेळी कालपर्यंत हा माणूस कसा बोलत होता, कसा चालत होता, हे ज्याला माहीत आहे असा दुसरा कोणी शेजारी असणे, हाच रोगनिदानाचा एकमेव भरवशाचा मार्ग उरतो. अनुभवी जोड्या त्यासाठी सकाळी तंबू आवरताना एकमेकांना काही साधी कामे करायला लावतात: एका पावलाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावत दहा पावले सरळ चालणे, शंभरातून सात-सात वजा करत जाणे, आदल्या दिवशीचा मार्ग क्रमाने सांगणे. हा पोरखेळ वाटतो खरा, पण दवाखाना शंभर किलोमीटरवर असेल तेथे याहून चांगले साधन नाही.

खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे, आणि पूर्व पामीरची खरी अडचण येथेच आहे. हिमालयातल्या बहुतेक वाटांवर माणूस आजारी पडला तर ज्या वाटेने वर आला त्याच वाटेने काही तासांत हजार मीटर खाली आणता येतो. काराकूल हे सरोवराकाठचे गाव मात्र साधारण ३,९०० मीटर उंचीवर, एका बाजूला किझिल-आर्त आणि दुसऱ्या बाजूला अक-बैताल अशा दोन उंच खिंडींच्या मध्ये वसलेले आहे. प्राचीन उल्कापाताने झालेल्या प्रचंड विवरात हे खारे, गडद निळे सरोवर आहे, आणि ते पाहायला थांबणाऱ्यांच्या लक्षात ही गोष्ट सहसा येत नाही की तेथून खाली जायचे तर आधी वर चढावे लागते. आजाऱ्याला ते सायकलवर साधणार नाही. जोडीदाराने गावात जाऊन गाडी मिळवायची, हाच मार्ग राहतो; एकट्याने आलेल्या आजारी प्रवाशाला ते जमत नाही.

विरळ हवेचा एक फायदा सांगायचा राहिला, तो असा की ती सायकलला कमी अडवते. पण हा फायदा वारा हिरावून घेतो. डोंगराळ खोऱ्यांत दिवसा ऊन लागून उतार तापतात, त्यांच्यावरची हवा वर चढते आणि तिची जागा घ्यायला खोऱ्यातून वरच्या दिशेने वारे सुटतात. रात्री उतार थंडावले की दिशा उलटते. त्यामुळे सकाळी शांत असणारे खोरे दुपारी दोनच्या सुमारास असे घोंगावू लागते की बोलणे ऐकू येत नाही. ताशी तीस किलोमीटरचा समोरचा वारा आणि सायकलचा ताशी दहा किलोमीटरचा वेग यांची बेरीज केली, तर काराकूलच्या उंचीवरील विरळ हवेतही अंगावर येणारा दाब सुमारे अडीच-तीन टक्क्यांच्या चढाइतका भरतो, आणि डोंगराच्या चढाला जसा माथा असतो तसा या चढाला नसतो. अशा वेळी एकाने पुढे राहून वारा अंगावर घ्यायचा, दुसऱ्याने त्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून आडोशाने चालायचे, आणि दहा-पंधरा मिनिटांनी जागा बदलायची, असा जोडीचा शिरस्ता असतो. शर्यतीतले सायकलपटू हेच करतात. फरक एवढाच की येथे हातभर अंतर राखायला रस्ता परवानगी देईलच असे नाही.

रस्त्याबद्दल थोडे सांगायला हवे. खडीच्या रस्त्यावरून गाड्या वेगाने गेल्या की चाकांच्या उसळण्याने जमिनीवर आडव्या लाटा उठतात आणि पृष्ठभाग पन्हाळी पत्र्यासारखा होतो. मोटार वेग वाढवून या लाटांच्या माथ्यांवरून निघून जाते, पण सायकलला प्रत्येक लाटेत उतरावे आणि चढावे लागते. या हादऱ्यांनी कॅरिअरचे स्क्रू ढिले होतात, मागच्या चाकाच्या तारा तुटतात आणि मनगटे बधिर होतात. म्हणून या मार्गावर हलक्या, महागड्या सायकलींपेक्षा पोलादी सांगाड्याच्या, जाड टायरच्या आणि चाकाला ३६ तारा असलेल्या साध्या सायकली अधिक टिकतात. सांगाडा तडकला तरी पोलाद खेड्यातल्या वेल्डिंगवाल्याकडे जोडून मिळते, ॲल्युमिनियम मिळत नाही.

सामान वाटून घेतल्याने किती फरक पडतो? दोघांचा तंबू, स्टोव्ह, भांडी, इंधन, हत्यारे, सुटे भाग, औषधे आणि पाणी गाळायचे यंत्र मिळून सात-आठ किलो होतात, म्हणजे प्रत्येकी चार. एकट्याला यातल्या बऱ्याच वस्तू तशाच्या तशा घ्याव्या लागतात आणि त्याचे ओझे सहा किलोंपर्यंत जाते. बचत अवघी दोन किलोंची, आणि वर केलेल्या हिशेबाने चढावर दीड-दोन वॅटांची. लोक समजतात तेवढा हा लाभ मोठा नाही. मोठा लाभ कामाच्या वाटणीत आहे. दिवस मावळताना पाऱ्याबरोबर अंगातली ताकदही झपाट्याने उतरते. त्या अर्ध्या तासात एकाने तंबू उभारला आणि दुसऱ्याने पाणी आणून गाळले, स्टोव्ह पेटवला, तर दोघेही थंडी भरण्यापूर्वी गरम जेवून स्लीपिंग बॅगमध्ये शिरतात. येथे स्टोव्ह बहुधा पेट्रोलवर चालणारा असतो, कारण गॅसचे डबे विमानातून नेता येत नाहीत आणि पेट्रोल मुर्गाबसारख्या गावातही मिळते.

तंबूची गरज रोज पडतेच असे नाही. पश्चिम पामीरमधील घरांत प्रवाशाला उतरवून घेण्याची रीत आहे. येथील लोक शुग्नी, वाखी अशा इराणी गटातील भाषा बोलतात आणि बहुसंख्य इस्माइली पंथाचे, आगाखानांना मानणारे आहेत. त्यांचे पारंपरिक घर, ज्याला शुग्नी भाषेत ‘चीद’ म्हणतात, बाहेरून मातीच्या चौकोनी ढिगाऱ्यासारखे दिसते, पण आत शिरल्यावर दिसतो तो पाच लाकडी खांबांवर उभा असलेला एकच मोठा दिवाणखाना. भिंतीकडेने चौथरे बांधलेले असतात. त्यांवरच बसायचे, जेवायचे आणि झोपायचे. पाच खांब म्हणजे पैगंबर महंमद, अली, फातिमा, हसन आणि हुसैन असे मानले जाते. छताच्या मध्यावर एकाच्या आत एक, प्रत्येक तिरका फिरवलेला, असे चार लाकडी चौकोन रचलेले असतात आणि सर्वांत आतल्या चौकोनातून उजेड येतो. हे चार चौकोन पृथ्वी, पाणी, वायू आणि अग्नी यांचे प्रतीक समजले जातात, आणि अभ्यासक त्यात इस्लामपूर्व परंपरेची खूण पाहतात. सकाळी चहात दूध, मीठ आणि लोणी घालून त्यात भाकरीसारख्या नानचे तुकडे कुस्करून खातात. त्याला ‘शीरचाय’ म्हणतात. गोड चहाची सवय असलेल्याला पहिला घोट विचित्र लागतो, परंतु घाम गाळून मीठ गमावलेल्या आणि दिवसभर चढायचे असलेल्या माणसाला याहून योग्य न्याहारी शोधून सापडणार नाही.

पूर्वेकडील किर्गिझ पशुपालकांकडे सुकवलेल्या दह्याचे खारट, दगडासारखे कडक गोळे मिळतात, ते ‘कुरुत’. तेथे जळणाचा प्रश्न बिकट आहे. सोव्हिएत काळात बाहेरून कोळसा येई, तो १९९१ नंतर जवळजवळ थांबला, आणि लोक ‘तेरेस्केन’ नावाचे खुरटे, अत्यंत सावकाश वाढणारे झुडूप मुळासकट उपटून जाळू लागले, ज्याने गुरांचा चारा गेला आणि जमीन उघडी पडली. प्रवाशाने मौजेखातर शेकोटी पेटवणे तेथे केवळ बेजबाबदारपणाचे ठरते.

सरहद्द या मार्गावर सतत सोबत करते. कलाइ-खुम्ब या गावापासून खोरोगपर्यंत आणि वाखानची वाट धरली तर त्याही पुढे, पंज नदीच्या पलीकडचा काठ अफगाणिस्तानचा असतो. काही ठिकाणी पात्र इतके अरुंद आहे की पलीकडच्या पायवाटेवरून जाणारा गाढववाला स्पष्ट दिसतो. नदीकाठच्या काही भागांत भूसुरुंग पेरले गेले होते, त्यामुळे रस्ता सोडून काठाकडे उतरू नये, असा नियम आहे. पूर्वेकडे काराकूल ते मुर्गाबच्या दरम्यान सोव्हिएत काळातले तारेचे कुंपण रस्त्याला लागून मैलोनमैल जाते, आणि त्यापलीकडे चीनची हद्द. बदख्शान प्रांतात जायला व्हिसाखेरीज वेगळा परवाना लागतो आणि तो राजकीय परिस्थितीप्रमाणे बंद होतो, पुन्हा सुरू होतो. २०२२ मधील अशांततेनंतर असेच झाले. दोन्ही देशांतील २०२१ च्या लढाईनंतर किर्गिझ-ताजिक सीमा बंद पडली, आणि मार्च २०२५ मध्ये दोन्ही राष्ट्राध्यक्षांनी सीमाकरार केल्यावर ती पुन्हा उघडली. मधल्या काळात अखंड पामीर महामार्ग नेहमीप्रमाणे पार करणे शक्य नव्हते. जुलै २०१८ मध्ये दुशान्बेच्या दक्षिणेकडील दांगारा जिल्ह्यात चार परदेशी सायकलस्वारांची हत्या झाली होती, हेही लक्षात ठेवायला हवे. हल्ला डोंगरात नव्हे, सखल भागातल्या चांगल्या रस्त्यावर झाला, आणि ते समूहाने चालले होते. तेव्हा संख्या ही प्रत्येक संकटावरची ढाल आहे, असे समजण्याचे कारण नाही.

तरीही सायकलप्रवासाच्या इतिहासात जोडीचे महत्त्व फार लवकर कळलेले दिसते. थॉमस ॲलन आणि विल्यम सॅक्टलबेन हे दोघे अमेरिकन मित्र १८९० मध्ये सेंट लुइस येथे पदवी घेऊन लगेच निघाले आणि पुढे त्यांनी कॉन्स्टँटिनोपल ते पेकिंग असा आशिया सायकलने ओलांडला. यंगहजबंडला पामीरमधून हुसकावले गेले त्याच १८९१ च्या उन्हाळ्यात हे दोघे तुर्कीतील अरारात शिखरावर चढले होते. पुढे इराण, समरकंद आणि ताश्कंदमार्गे गोबीचे वाळवंट पार करून ते १८९२ मध्ये पेकिंगला पोहोचले. फ्रँक लेन्झ हा त्यांच्याच पिढीचा अमेरिकन सायकलस्वार मात्र एकटा निघाला आणि १८९४ मध्ये तुर्कीच्या पूर्व भागात नाहीसा झाला. त्याचा शोध घ्यायला एका मासिकाने ज्याला पाठवले तो सॅक्टलबेनच होता. ऑक्टोबर १९२३ मध्ये मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगप्रदक्षिणेला निघाले. त्यांपैकी आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तुम भूमगरा हे तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले. अलीकडच्या काळात केट हॅरिस आणि मेल यूल या कॅनडातील बालमैत्रिणींनी २०११ मध्ये इस्तंबूलपासून रेशीम मार्गाने, पामीर ओलांडून, लेहपर्यंत केलेला प्रवास हॅरिस यांच्या २०१८ मधील पुस्तकामुळे सर्वांना माहीत झाला.

जोडी टिकवणे हे स्वतंत्र काम आहे. दोघांचा दम सारखा कधीच नसतो. पुढे निघून गेलेला माणूस वळणावर वाट पाहत बसतो, मागचा येऊन पोहोचला की विश्रांती झालेला पुढचा लगेच उठतो, आणि ज्याला थांबायची खरी गरज आहे त्यालाच थांबायला मिळत नाही. ओझ्याची समान वाटणी येथे उपयोगी पडत नाही. दमदार माणसाने अन्न आणि पाण्याचा मोठा वाटा घेतला म्हणजे वेग आपोआप जुळतो, आणि चढावर पुढे राहण्याचा मान हळू जाणाऱ्याला द्यावा, असा एक प्रघात आहे. रोज सकाळी ठरलेल्या जागा, म्हणजे खिंडीचा माथा, पूल, गावातले पहिले दुकान, यांखेरीज दुसरीकडे वाट पाहायची नाही आणि त्या जागा ओलांडायच्याही नाहीत, असाही करार करतात. डोंगरात मोबाइल लागत नसल्याने तो पाळावाच लागतो. उतारावर मात्र जोडी तुटतेच. एकाला ब्रेक धरून सावकाश उतरायची सवय असते, दुसऱ्याला नसते, आणि अक-बैतालवरून उतरताना अर्ध्या तासात दोघांत दहा किलोमीटरांचे अंतर पडू शकते. तेवढ्यात गारांचा पाऊस आला, किंवा मागच्याचे टायर फाटले, तर तंबू एकाकडे आणि त्याचे खांब दुसऱ्याकडे, स्टोव्ह एकाकडे आणि काड्यापेटी दुसऱ्याकडे, अशी अवस्था होते. म्हणून पासपोर्ट व परवाना, एक जास्तीची ट्यूब आणि पंप, जाड जॅकेट, काड्यापेटी, एका जेवणापुरते कोरडे खाणे आणि दोन लिटर पाणी या वस्तू जाणत्या जोड्या कधीच वाटून घेत नाहीत. त्या प्रत्येकाने आपापल्या सायकलवर ठेवायच्या असतात.